सहा आठवड्यांची फ्रेंच

डिंडोलीत भाषा शिकायला कोणी वर्गात जात नाही. तापी खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची माणसं सुरतेला आली, उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खोल्या घेऊन राहिली आणि लूमवर कामाला लागली. घरात अहिराणी. पोरांच्या शाळेत प्रमाण मराठी. शेठशी आणि दुकानदाराशी गुजराती. शेजारच्या लूमवर उभ्या असलेल्या ओडिया किंवा उत्तर प्रदेशी कारागिराशी हिंदी. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा एकाच घरात, एकाच संध्याकाळी या चारही भाषा कानावर पडतात, आणि घरातली आजी कुठल्याच भाषेचं व्याकरण न शिकता प्रत्येकाशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलून घेते. तिला कोणी विचारलं नाही, परीक्षा घेतली नाही, मुदतही दिली नाही.

याच्या अगदी उलट पद्धतीने भाषा शिकणाऱ्या माणसाबद्दल हे प्रकरण आहे. वय अठरा-एकोणीस. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नाव लिहिलेली काळी पट्टी. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या प्रोवो गावी एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रात तो दाखल होतो. त्याने आयुष्यात फ्रेंचचं एक वाक्य उच्चारलेलं नसतं, आणि साधारण सहा आठवड्यांनी त्याला फ्रेंच बोलणाऱ्या देशात जाऊन अनोळखी माणसाच्या दारावर थाप मारायची असते. ती भाषाही त्याने निवडलेली नसते.

हा मुलगा ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचा. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ स्थापन केला. छळामुळे पश्चिमेकडे सरकत ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली ही मंडळी १८४७ मध्ये युटाच्या खोऱ्यात पोचली. त्यांच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या ग्रंथावरून जग त्यांना मॉर्मन म्हणतं. २०१८ पासून खुद्द पंथाने हे टोपणनाव वापरू नये अशी विनंती केली आहे, पण मराठी वाचकाला दुसरं नाव ओळखीचं नसल्याने मी इथे तेच वापरतो. या पंथात तरुण मुलांनी दोन वर्षं आणि इच्छा असेल तर मुलींनी दीड वर्ष धर्मप्रचाराला द्यायचं, अशी रीत आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात त्यासाठीचं किमान वय मुलांना एकोणिसाचं अठरा आणि मुलींना एकविसाचं एकोणीस करण्यात आलं. पगार नाही. उलट खर्च घरच्यांनी किंवा स्वतः साठवलेल्या पैशांतून द्यायचा. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी २०२० पासून हा आकडा महिना ५०० डॉलर आहे.

अर्ज भरताना देश किंवा भाषा निवडता येत नाही. पंथाच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र येतं, त्यात दोन्ही लिहिलेलं असतं. पूर्वी ते जाड पाकिटातून टपालाने यायचं. २०१८ पासून ऑनलाइन येतं. घरचे सगळे जमतात आणि मुलगा ते मोठ्याने वाचतो. ‘तू फ्रेंच भाषेत प्रचार करशील’ एवढ्या एका वाक्यातून किती वेगवेगळी आयुष्यं निघू शकतात ते पाहण्यासारखं आहे. फ्रेंच म्हणजे पॅरिस किंवा लियों. फ्रेंच म्हणजे कॅनडातलं मॉन्ट्रियल. फ्रेंच म्हणजे काँगोतलं किन्शासा, पॅसिफिक महासागरातलं ताहिती. मॉन्ट्रियलच्या बर्फातल्या चाळीस पायऱ्या चढणारा आणि किन्शासाच्या तांबड्या धुळीतून चालणारा, दोघंही प्रोवोच्या एकाच वर्गात शेजारी बसलेले असतात.

त्या वर्गातला दिवस साडेसहाला सुरू होतो. न्याहारी, अभ्यास, वर्ग, जेवण, पुन्हा वर्ग, थोडा व्यायाम, पुन्हा अभ्यास, साडेदहाला दिवे बंद. दहा-बारा जणांचा एक गट, त्याला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला. त्याला ‘कंपॅनियन’ म्हणतात, आणि झोपेपासून जेवणापर्यंत दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. एकमेकांना नावाने हाक मारायची नाही: मुलगा ‘एल्डर’ अमुक, मुलगी ‘सिस्टर’ तमुक. एल्डर म्हणजे वडीलधारा. अठरा वर्षांच्या पोराला सगळे वडीलधारा म्हणत असतात आणि त्याला मात्र धड पाणीही मागता येत नसतं. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा आणि घरी लिहिण्याचा. अनेक वर्षं घरी फोन फक्त नाताळ आणि मातृदिनाला करता यायचा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. ज्यांनी लेकराला पहिल्यांदा वसतिगृहात सोडलं आहे त्यांना या नियमाचं वजन समजावून सांगायला नको.

शिकवणारे बहुतेक शिक्षक बावीस-तेवीस वर्षांचे. स्वतः फ्रेंच मुलखात दोन वर्षं काढून आलेले आणि आता शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकणारे. ते वर्गात शिरतात आणि पहिल्या तासापासून फ्रेंच बोलू लागतात. पहिल्या दिवसांत प्रार्थना पाठ होते: संबोधन, आभार, मागणं, समारोप. या चार कप्प्यांत भरायची वाक्यं तीच असल्याने मुलगा आठवड्याभरात देवाशी फ्रेंचमध्ये बोलू लागतो. आणि पहिल्याच आठवड्यात त्याला अस्सल काम दिलं जातं. एक माणूस खोलीत बसलेला असतो, बहुधा शिक्षकच, पण तो आता एका संसारी, शंकेखोर फ्रेंच माणसाची भूमिका करतो. त्याला इंग्रजी येत नाही असं धरायचं. मुलाने आणि त्याच्या जोडीदाराने वीस मिनिटं फ्रेंचमध्ये आपला धर्म समजावायचा. हातात टिपणं असतात. समोरचा प्रश्न विचारतो तेव्हा टिपणं निरुपयोगी ठरतात. बाहेर येऊन अनेक जण रडतात असं या केंद्रातून गेलेल्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि ते मला अगदी खरं वाटतं.

ही व्यवस्था फार जुनी नाही. १९६१ पर्यंत मॉर्मन मुलांना परक्या देशात थेट पाठवलं जाई; भाषा तिथेच, वरिष्ठ जोडीदाराच्या मागे मागे फिरत शिकायची. त्या वर्षी लॅटिन अमेरिकेचे व्हिसा अडकून पडले आणि बऱ्याच मुलांना प्रोवोत ताटकळावं लागलं. रिकामं बसण्यापेक्षा त्यांना स्पॅनिश शिकवू या, म्हणून विद्यापीठाच्या आधाराने छोटी भाषाशाळा निघाली. १९६३ मध्ये तिला ‘लँग्वेज ट्रेनिंग मिशन’ असं नाव मिळालं, १९७८ मध्ये तिचं सध्याचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र झालं. आज तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. अडकलेल्या व्हिसातून जगातल्या सर्वांत मोठ्या भाषाशाळांपैकी एक उभी राहिली.

सहा आठवड्यांत काय येतं? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं आणि कोणत्या भाषेला किती काळ लागतो त्याचा हिशेब ठेवतं. इंग्रजी बोलणाऱ्याला फ्रेंचमध्ये कामकाज करण्याइतपत तयार व्हायला तिथे सुमारे ३० आठवडे धरतात, तेही पूर्णवेळ शिकून. हिंदीला ४४. म्हणजे प्रोवोतल्या मुलाला मिळतो तो फ्रेंचच्या त्या मुदतीचा पाचवा हिस्सा. ही तफावत ते एका उपायाने भरून काढतात: भाषेचा एकच कोपरा शिकवायचा. मुलाला ‘पश्चात्ताप’, ‘साक्ष’, ‘बाप्तिस्मा’ हे शब्द फ्रेंचमध्ये अस्खलित येतात आणि नळ गळतोय हे सांगता येत नाही. तो देवाबद्दल पाऊण तास बोलू शकतो, पण म्हातारी बाई तिच्या संधिवाताबद्दल बोलायला लागली की हरवतो. ही त्या पद्धतीची खरी मर्यादा आहे. बोलायला शिकवणं सोपं असतं, कारण काय बोलायचं ते आधी ठरवता येतं. ऐकायचं काय हे समोरचा ठरवतो.

फ्रेंच खुद्द कशी आहे, आणि युटातल्या मुलाला ती का छळते, हे मराठी वाचकाला सांगताना मला थोडा आनंद होतो. कारण ज्या गोष्टींनी तो मुलगा बेजार होतो त्यातल्या बऱ्याच डिंडोलीच्या पोराला घरच्या आहेत.

पहिली गोष्ट लिंगाची. इंग्रजीत टेबल ना पुरुष ना बाई. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, आणि विशेषणानेही त्याप्रमाणे रूप बदलायचं. युटाचा मुलगा विचारतो, का? मराठीत तर तीन लिंगं आहेत. तो पलंग, ती खुर्ची, ते कपाट हे आपण विचार न करता म्हणतो. दुसरी गोष्ट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. फ्रेंचमध्ये घरच्यांना ‘त्यू’, परक्यांना आणि मोठ्यांना ‘व्हू’. अठरा वर्षांच्या अमेरिकनाला दारातल्या आजोबांना काय म्हणायचं याचा क्षणभर विचार करावा लागतो. आपल्याकडे हा विचार जिभेवर येण्याआधीच झालेला असतो. देवाला मात्र मॉर्मन लोक फ्रेंचमध्ये ‘त्यू’ म्हणतात, आपण विठ्ठलाला म्हणतो तसंच.

तिसरी गोष्ट खरी गमतीची. मराठीत आपण ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो. खाणारा तोच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये भूतकाळात अशीच एक रचना आहे: कर्म क्रियापदाच्या आधी आलं की धातुसाधिताला त्या कर्माचं लिंग-वचन चिकटतं. ‘मी खाल्लेली पोळी’ अशा वाक्यात ते दिसतं. फ्रेंच शाळकरी मुलंही यात चुका करतात. अहिराणी घरातल्या मुलाला हा नियम नव्याने समजावून सांगावा लागणार नाही, फक्त तो कुठे लागू होतो आणि कुठे नाही एवढं सांगावं लागेल.

आकडे आणखी पुढचे. फ्रान्समध्ये सत्तरला ‘साठ-दहा’ म्हणतात, ऐंशीला ‘चार-वीस’, नव्वदला ‘चार-वीस-दहा’. प्रोवोतली मुलं हे ऐकून डोक्याला हात लावतात. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र ‘चार विसा’ अशी मोजणी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. आणि ज्या मुलाला काँगोला जायचं आहे त्याला पुन्हा वेगळं शिकावं लागतं, कारण बेल्जियम आणि काँगोत सत्तरला आणि नव्वदला सरळ शब्द आहेत. नाकातून बोलायचे स्वर कोकणी माणसाला सवयीचे. जुन्या मराठी छापील पुस्तकांतले ‘केलें’, ‘गेलें’वरचे अनुस्वार त्याच ध्वनीच्या खुणा. घशातला ‘र’ उर्दूतल्या ‘ग़’च्या जवळ जातो. एक स्वर मात्र आपल्यालाही परका: जीभ ‘ई’ची ठेवून ओठ ‘ऊ’चे करायचे. तेवढ्यासाठी आरशासमोर उभं राहावं लागेल.

हे सगळं असूनही सुरतेच्या पोराला फ्रेंच शिकवण्याची व्यवस्था कोणी करत नाही. महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात; इतक्या भाषा एकाच शहराच्या शाळांत असणं ही मोठी श्रीमंती आहे. तिथल्या मुलाच्या कानाला तीन-चार भाषा आधीच वळण लावून गेलेल्या असतात. पाचवी भाषा त्याच्यासाठी डोंगर नाही, आणि ही गोष्ट त्याला कोणीतरी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

प्रोवोहून निघालेला मुलगा विमानातून उतरतो आणि पहिल्या दिवशी त्याला कळतं की वर्गातली फ्रेंच आणि रस्त्यावरची फ्रेंच यांची गाठ पडत नाही. लोक शब्द गिळतात, दोन शब्द एकमेकांत मिसळतात, शेवटची अक्षरं उच्चारतच नाहीत. त्याला नवा जोडीदार मिळतो, वर्षभर आधी आलेला, आणि पुढचे बारा आठवडे त्याच्याकडून शिकायचं. फ्रान्समध्ये दारं बहुतेक वेळा बंदच होतात. मिट रॉम्नी, जे पुढे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, ते १९६६ ते १९६८ अशी अडीच वर्षं याच कामावर फ्रान्समध्ये होते, ल हाव्र आणि बोर्दो अशा गावांतून. वाइन पिणाऱ्या देशात दारूला न शिवणाऱ्या पंथाचा प्रचार करायचा, तोही व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन म्हणून. नकार किती पचवले असतील याची कल्पना करता येते. फ्रेंच मात्र त्यांना पक्की आली.

आता मराठी मुलखाकडे येऊ. कारण मॉर्मन मिशनरी आपल्याकडेही येऊन गेले आहेत, आणि त्यांची गोष्ट प्रोवोच्या आधीच्या काळात प्रशिक्षणाविना काय होत असे ते सांगते.

१८५२ हे साल लक्षात ठेवायचं. त्या वर्षी पॅरिसमध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ची फ्रेंच आवृत्ती छापली गेली, जॉन टेलर यांच्या देखरेखीखाली कर्टिस बोल्टन यांनी स्थानिक फ्रेंच सोबत्यांच्या मदतीने ते भाषांतर केलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन मुंबई बंदरात उतरला. आणि त्याच्या जरा आधी, २८ ऑगस्टला, सॉल्ट लेक सिटीतल्या एका सभेत शंभरावर पुरुषांची नावं वाचून दाखवली गेली, त्यांना जगभर पाठवण्यात आलं. त्यातले नऊ जण हिंदुस्थानसाठी होते. ते सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने निघून १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला पोचले. त्यांच्याकडे पैसे नव्हते, कारण प्रचारकाने पैसा-अडका न घेता निघावं अशी त्यांची धारणा होती. इथली एकही भाषा त्यांना येत नव्हती.

फिंडले मुंबईहून पुण्याला आला. श्रोते कोण? छावणीतले गोरे शिपाई आणि त्यांची कुटुंबं, कारण त्यांना इंग्रजी येत होतं. लष्करी अधिकाऱ्यांना हे आवडलं नाही आणि त्याला छावणीत मज्जाव झाला. इतर पंथांचे पाद्री विरोधात, मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं विरोधात. युटाच्या मॉर्मन लोकांनी बहुपत्नीत्व उघडपणे मान्य केल्याची बातमीही तोवर इथे पोचलेली. पुण्यात एक लहानशी शाखा मात्र उभी राहिली. त्याचा भाऊ ॲलनही येऊन मिळाला. मराठी माणसांपर्यंत पोचायचं तर मराठी लागेल हे ह्यूच्या लक्षात आलं आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही त्याने काढली. पण तोवर वेळ संपत आली होती. १८५५ मध्ये दोघे भाऊ निघून गेले, १८५६ पर्यंत हिंदुस्थानातले बाकीचेही परतले. एवढ्या मोठ्या मुलखात तीन-चार वर्षं घालवून हाती मूठभर माणसं. मला या अपयशात धर्मापेक्षा भाषेचा हात मोठा दिसतो. ज्यांच्याशी बोलायचं त्यांची भाषा शेवटी शिकायला घेतली, आधी नाही.

त्यांच्या चाळीस वर्षं आधी आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी क्रम उलटा ठेवला होता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत पोचले आणि परवानगीचा झगडा चालू असतानाच पंडित ठेवून मराठीला लागले. त्यांच्यापाशी साधनं होती ती विल्यम कॅरी यांनी बंगालमध्ये बसून केलेली: १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश. कॅरींना मराठी शिकवली ती वैजनाथ पंडितांनी. कॅरींचं नाव सगळे घेतात. वैजनाथ पंडितांचं नाव अभ्यासकांपुरतं उरलं. परक्याला भाषा शिकवणाऱ्या आपल्या माणसांची नावं अशी पुसट का राहतात, हा प्रश्न मला या विषयात सतत बोचतो.

सुरतेत हेच काम लंडन मिशनरी सोसायटीच्या जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी यांनी १८१५ पासून केलं, पण गुजरातीत. १८२० च्या दशकाच्या आरंभी त्यांचं गुजराती बायबल सुरतेतच छापून निघालं. पुढे १८४४ मध्ये याच सुरतेत दुर्गाराम मेहताजींबरोबर ‘मानव धर्म सभा’ काढणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचं व्याकरण लिहून आठ वर्षं झाली होती त्यांना. मराठी व्याकरणकार गुजराती शहरात धर्मसुधारणेवर वाद घालतो आहे, हे चित्र डिंडोलीच्या वाचकाने आवर्जून जवळ ठेवावं असं आहे.

पण सुरतेत भाषा शिकण्याची सर्वांत विलक्षण गोष्ट घडली ती त्याहीआधी, आणि ती एका फ्रेंच तरुणाची आहे. अब्राहम यासेंत आंकेतिल-द्युपेरों, जन्म १७३१, पॅरिस. धर्मशास्त्राचा विद्यार्थी. १७५४ मध्ये त्याने अवेस्ता भाषेतल्या एका हस्तलिखिताच्या काही पानांची नक्कल पाहिली. मूळ ऑक्सफर्डला होतं आणि युरोपात ते कोणालाच वाचता येत नव्हतं. ही भाषा वाचू शकणारे लोक हिंदुस्थानात, पारशी समाजात आहेत असं कळल्यावर त्याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून नाव घातलं. १७५५ मध्ये तो पाँडिचेरीला उतरला. पुढे इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटलं, फ्रेंचांचं चंद्रनगर पडलं. आजारपणं काढत, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भटकत, माहे आणि गोव्यावरून मराठ्यांचा मुलूख ओलांडत, वेरूळची लेणी पाहत १७५८ च्या मे महिन्यात तो सुरतेला पोचला. फ्रेंचांची इथे वखार होती, फ्रान्स्वा कारोंने १६६८ मध्ये घातलेली, भारतातली त्यांची पहिली. त्याचा भाऊ त्याच वखारीत होता.

सुरतेत त्याला गुरू मिळाले दस्तूर दाराब कुमाना. आंकेतिलला अवेस्ता येत नव्हती, दस्तूरांना फ्रेंच येत नव्हती. मधली भाषा फारसी, दोघांचीही शिकलेली. समाजाबाहेरच्या माणसाला धर्मग्रंथ शिकवणं दस्तूरांच्या समाजात वादाचं होतं, आणि सुरतेच्या पारशांमध्ये तेव्हा आधीच दोन तट पडलेले. गुरू सावधपणे, अडखळत शिकवत, शिष्य चिवटपणे विचारत राही. हे साधारण पावणेतीन वर्षं चाललं. १७६१ मध्ये पाँडिचेरी इंग्रजांनी घेतल्यावर सुरतेत फ्रेंच माणसाला थारा उरला नाही आणि तो निघाला. १७६२ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात त्याने १८० हस्तलिखितं जमा केली. १७७१ मध्ये त्याचं ‘झेंद-अवेस्ता’ तीन खंडांत प्रसिद्ध झालं आणि विल्यम जोन्स यांनी ते बनावट ठरवून त्याची खूप टिंगल केली. पुढे विद्वानांनी आंकेतिलची बाजू खरी ठरवली. त्याच्या भाषांतरात चुका भरपूर आहेत, आणि त्यातल्या कित्येक फारसी परंपरेतून दस्तूरांना जसं समजलं होतं तशाच उतरल्या आहेत. तरीही युरोपात अवेस्ता पहिल्यांदा वाचली गेली ती सुरतेतल्या त्या खोलीमुळे. आंकेतिलला इथे कोणाला काही पटवायचं नव्हतं. त्याला समोरच्याकडून घ्यायचं होतं, आणि म्हणून त्याला ऐकावंच लागलं.

प्रचारकालाही असं ऐकता येतं याचा पुरावा आपल्याच भाषेत आहे. गोव्यात फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून निघालं. हे अनेकांना ठाऊक असतं. त्याच्या मागून आलेला फ्रेंच माणूस मात्र विस्मरणात गेला. एतिएन द ला क्र्वा, ब्रिटनी प्रांतात १५७९ मध्ये जन्मलेला, १६०२ मध्ये गोव्यात आलेला. त्याने संत पीटरच्या चरित्रावर मराठीत पंधरा हजारांच्या घरात ओव्यांचं पुराण रचलं आणि ते १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापलं गेलं. छापणं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्याचा हेतू उघड होता: धर्मांतर केलेल्यांच्या हातात हिंदू पुराणांच्या जागी दुसरं काही द्यायचं, आणि गोव्यात तेव्हा जी जबरदस्ती चालू होती ती लक्षात घेतल्यावर या पुस्तकांकडे निर्मळ मनाने पाहता येत नाही. पण ओवी रचायची तर ओवी कानात बसवावी लागते. तिचा साडेतीन चरणांचा चालता ठेका, पुराणिकाची संबोधनं, श्रोत्याला मध्येच हाक मारण्याची रीत हे एखादा फ्रेंच माणूस सहा आठवड्यांत शिकत नाही. द ला क्र्वा १६४३ मध्ये वारला. म्हणजे तो इथे चाळीसहून अधिक वर्षं राहिला.

तीनशे वर्षांनंतर दोन फ्रेंच धर्मगुरू पुण्यात आले आणि ओवीशीच त्यांची गाठ पडली. पहिले गी दलरी, जेझुइट. ते मराठी शिकले, वारीबरोबर पंढरपूरला गेले, तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, आणि १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने त्यांचा विठोबाच्या उपासनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरे गी प्वात्वँ. जन्म १९३४, भारतात आले १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, नंतर भारतीय नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर ते मुळशी आणि आसपासच्या डोंगरी गावांत काम करू लागले. तिथल्या बायका पहाटे जात्यावर दळताना ज्या ओव्या म्हणत त्या त्यांनी आणि गावच्या कार्यकर्त्यांनी उतरवून घ्यायला सुरुवात केली. नवऱ्याचा मार, माहेरची वाट, लेकीचं जाणं, सीतेचा वनवास, बाबासाहेब आंबेडकर. जे जे त्या बायकांच्या मनात होतं ते त्या ओव्यांत होतं. प्वात्वँ यांनी यात शिकवण्याची भूमिका घेतली नाही. बाई म्हणेल तशी ओवी, तिच्या उच्चारात, तिच्या नावासह आणि गावासह नोंदवायची, असा त्यांचा दंडक होता. २००४ मध्ये ते गेले तोवर संग्रह लाखाच्या घरात पोचला होता. आज ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या मूळ मराठीत, म्हणणाऱ्या बाईच्या नावासह आणि शक्य तिथे तिच्याच आवाजात प्रसिद्ध होत आहेत, आणि त्या कोणालाही ऐकता येतात.